शरबताचा बर्फ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी नको ते सगळं सांगत आले. चूक तशी हसण्यासारखीच आहे. मी एका बाईला टीव्हीवरची मालिका बघायला सांगितली.

शतक बदललं त्या सुमाराची गोष्ट. सिंदीत आमच्या गल्लीत केबल नुकतंच आलं होतं, आणि मी – दहावी नापास, पण मत प्रत्येक गोष्टीवर – गल्लीची परीक्षक झाले होते. कुणी काय बघावं ते मी ठरवायची. सासूसुनांच्या रडारडीला नाक मुरडायची. माझी लाडकी होती एक हिंदी मालिका, दुपारी लागायची. अंत्यविधीचं सामान विकणारं कुटुंब. भाऊ भांडतात, बायका टोमणे मारतात, तिरडीच्या बांबूंवर ओल्या साड्या वाळतात. हसून पोट दुखायचं. तशी मालिका मी पुन्हा पाहिली नाही. कुठे मिळाली तर जरूर बघा. दुसऱ्याला सांगाल तर मात्र माणूस बघून सांगा.

त्यात एक भाग होता – घरात लग्न, आणि ऐन सकाळी म्हातारा जातो. सुतक लागलं की लग्न थांबणार. म्हणून सगळे मिळून मरण लपवतात.

आता कसं सांगू? हे आमच्या शेजारी खरंच घडलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी. कुसुमवहिनींच्या संगीताचं लग्न, मे महिना, पुलगावहून वरात निघालेली, आणि पहाटे पोरीचे आजोबा गेले. वहिनी, त्यांचे यजमान, धाकटी जाऊ मंगला आणि मी – माहीत होतं ते आम्हा चौघांनाच. नवरीलाही नाही. शरबतासाठी आणलेल्या बर्फाच्या लाद्या आम्ही बादल्यांतून मागच्या खोलीत नेल्या. आजोबांच्या अंगावर गळ्यापर्यंत चादर, आणि मी उशाशी बसून हातपंख्यानं वारा घालतेय – मेलेल्या माणसाला उकडू नये म्हणून. नवरानवरी उंबऱ्यावरूनच पाया पडले. ताप आहे, आत्ता डोळा लागला, असं मी सांगितलं. मागून संगीताची सासू डोकावली आणि हळूच म्हणाली, झोपू द्या त्यांना. मला हसू फुटत होतं – खोटं कशाला बोलू?

वरात परत गेली, मग गावाच्या लेखी आजोबा गेले.

तर, दोन वर्षांनी संगीता बाळंतपणाला आली. बारशाला तिची सासू आली. वहिनींकडे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून दुपारची ती माझ्याकडे टेकली. मी चहा दिला आणि – विचारलं होतं का कुणी? – मालिका सांगायला लागले. तो भाग तर रंगवून सांगितला. बाई खळखळून हसली. समोरचं माणूस हसतंय म्हटल्यावर मी थांबते कुठली? परीक्षक ना मी! म्हणाले, "एकच चुकलं हो त्यायचं. उन्हाळ्यात दिवसभर मयत घरात, अन् बर्फ नाई दाखवला. शरबताचा तरी घ्यायचा."

तिनं कप खाली ठेवला.

"तुमच्याइथं लग्नात शरबत कोमटच होतं," ती म्हणाली.

अहो, मालिकेतलंच सांगतेय, एवढं म्हणायला काय लागत होतं? मी उठले आणि तिचा अर्धा चहा मोरीत ओतला.

सव्वा महिन्यानं संगीता बाळ घेऊन सासरी गेली, ती सात वर्षं माहेरी आली नाही. सुतकात लग्न लावलं, आमच्या पोराला मेलेल्याच्या पाया पाडलं – असा निरोप होता. एकुलती लेक. वहिनी नातवाची अंगडी शिवायच्या आणि पेटीत ठेवायच्या. दर वर्षी थोडी मोठी.

चौघांतलं तोंड कुणाचं सुटलं? मंगला बडबडी, म्हणून मंगलाचं. तिनं लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी तिथेच गहू निवडत बसले होते. निवडत राहिले. पुढे त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या, भिंतीला भिंत लागून दोघींनी बोलणं टाकलं. मंगला मला दोनदा म्हणाली, तू तरी सांग त्यायले. सांगते म्हटलं. सांगितलं नाही. भीती कशाची होती? गल्लीतल्या बायका माझ्याकडे दुपारी टीव्ही बघायला येणार नाहीत – ह्याची. खरंच, इतकीच होती भीती.

मंगला काविळीनं गेली. कुसुमवहिनी तिच्या दारापर्यंत गेल्या, आत गेल्या नाहीत. परत येताना माझ्या ओट्यावर बसल्या. सुतक होतं, म्हणून माझ्याही घरात आल्या नाहीत. पाणी मागितलं. मी माठातलं आणून वरून त्यांच्या ओंजळीत ओतलं. प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या,

"घरच्या जावेनं तोंड उघडलं, अन् तू परकी असून माह्यासाठी तोंड शिवून बसली. तुह्यावानी बहीण देवानं मले आधीच काऊन नाई देल्ली, बाई?"