लेडीज पर्स आत, आबांची बॅग बाहेर

"आबा आले नाहीत तर मी स्टेजवर जाणारच नाही," असं वैष्णवीनं फोनवर ठणकावून सांगितलं आणि आमचं लातूरला जायचं ठरलं.

वैष्णवी माझी लेक. दोन वर्षं लातूरच्या होस्टेलात राहून तिनं क्लास केले, आणि सरकारी मेडिकल कॉलेजला तिचा नंबर लागला. क्लासवाल्यांनी अशा सगळ्या मुलामुलींचा सत्कार ठेवला होता. आबा म्हणजे माझे सासरे. शाळेत असताना तिला पहाटे उठवायचं, ती वाचत असेपर्यंत समोर नुसतं बसून राहायचं, हे सगळं आबांनी केलं. आम्ही दोघं नवरा-बायको घोरत असायचो, खोटं कशाला बोलू. तिचे बाबा, म्हणजे आमचे प्रकाशराव, त्यांना ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही. म्हणून मी आणि आबा, दोघंच निघालो. आणि तिसरी आबांची बॅग.

या बॅगेबद्दल आधी सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. खाकी कापडाची, खांद्याला लावायची, चेन दोनदा बदललेली बॅग. आत बॅटरी (आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात), पाण्याची बाटली, शिट्टी, दोरी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. लग्न असो, मयत असो, दाढी करायला जायचं असो, आबांच्या खांद्यावर बॅग असणारच. आबा मूळ किल्लारीकडचे. भूकंपात घराच्या माती-दगडाखाली ते आणि त्यांची धाकटी लेक कुसुम शेजारी शेजारी अडकले होते. कुसुम शाळेत जायच्या वयाची. ती आतून सारखी म्हणत होती, "आबा, लाइट लावा." लावायला काही नव्हतं. आबांना लोकांनी काढलं तेव्हा कुसुमचा आवाज थांबलेला होता. मी सून म्हणून त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले, मला हे सासूबाईंनी सांगितलं. आबा स्वतः कधी बोलले नाहीत.

तर नांदेडच्या स्टँडवरून सकाळची लातूर गाडी पकडली. तुम्ही जाणार असाल तर सकाळचीच पकडा, लोह्यापर्यंत बसायला जागा मिळते, पुढं कॉलेजची पोरं भरतात. कंडक्टर आला. "ताई अर्धं, आजोबा फुकट." मला बाई म्हणून अर्धं तिकीट, आबांना पंचाहत्तरी ओलांडली म्हणून काहीच नाही. आबा लगेच बॅगेतून आधार कार्ड काढून तयार.

"बाईमाणसाला अर्धं कशापायी?" आबांनी मला विचारलं.

"सरकारनं दिलंय आबा, सन्मान म्हणून."

"मग बाप्याचा सन्मान कधी?"

"पंचाहत्तरीनंतर," कंडक्टर म्हणाला, आणि पुढच्या दोन सीटा हसल्या.

रस्ता आता झकास झालाय. माळाकोळीच्या पुढं घाटासारखं जरा वळण येतं, दोन्ही बाजूंना सोयाबीन नुसतं हिरवंगार. अहमदपूरला गाडी थांबते तिथं खाऊन घ्या. सुशीला मिळाला तर सोडू नका. मुरमुऱ्याचा तो प्रकार पुण्यामुंबईच्या लोकांना माहीत नसतो, बिचारे. वर शेंगदाण्याचा कूट आणि लिंबू. आबांनी दोन प्लेट हाणल्या आणि मग खिडकीशी बसून बॅटरी एकदा लावून बघितली, एकदा बंद केली. भर उन्हात! शिरूर ताजबंदला परत तेच. त्यांना याबद्दल कुणी काही विचारत नाही, मीही नाही.

लातूरात उतरलं की पहिल्यांदा दिसतात ती पोरांची तोंडं. आधी भिंतींवर, बोर्डांवर, रिक्षांच्या पाठीमागं, मार्कांसकट. मग खरीखुरी, सायकलवर, पाठीवर हे भलंथोरलं दप्तर घेऊन. अख्खं गाव शिकायला आल्यासारखं वाटतं. खोली आम्ही स्टँडजवळच्या एका लॉजवर घेतली. साधी, स्वच्छ, गरम पाणी सकाळीच. दुपारी गंजगोलाईच्या बाजारात चक्कर मारली आणि वैष्णवीला सत्काराला घालायला ड्रेस घ्यावा म्हणून एका मोठ्या कपड्याच्या दुकानात शिरलो.

म्हणजे मी शिरले. आबांना दारातच अडवलं.

"बाबा, बॅग काउंटरला जमा करा."

"आन हिची?" आबांनी माझ्या पर्सकडं बोट केलं.

आता माझी पर्स. मरून रंगाची, सोनेरी साखळीची. तिच्यात आबांची बॅग घडी घालून मावेल आणि वर डबा बसेल. आमचे प्रकाशराव स्वतःचं पाकीट, गाडीची किल्ली, गॉगल, चार्जर सगळं माझ्या पर्समध्ये टाकतात आणि स्वतः हात हलवत राजासारखे चालतात. मला वाटायचं आळशी आहेत. त्या दारात पहिल्यांदा डोक्यात आलं, की यांनाही कुठंतरी असंच अडवत असतील काय?

"लेडीज पर्सला चालतंय," वॉचमन म्हणाला.

"का बरं?" मी विचारलं. भांडायला नाही, खरंच कळेना म्हणून.

"लेडीजची कशी तपासायची मॅडम? बरं दिसत न्हाई."

"मग त्यांची तपासा ना. तपासा आणि सोडा."

"तपासायचं न्हाई, जमा करायचं. वरून ऑर्डर हाय."

म्हणजे ज्याची तपासता येते त्याची जमा, आणि जिची तपासता येत नाही ती बिनधास्त आत! मी दोनदा मनात घोळवून बघितलं, काही केल्या हिशेब लागेना. यात माझा मान आहे की आबांचा अपमान, की दोन्ही? आबा म्हणाले, "तू घे जा बघून, मी हितं बसतो." पायरीवर बसले. मी घाईघाईत एक निळा ड्रेस उचलला, जो पुढं वैष्णवीला अजिबात आवडला नाही.

आता मला धास्ती बसली. उद्या हॉलवर हेच झालं तर? रात्री जेवताना विषय काढला. (निलंगा राइस खाल्ला. खाच. गाड्यावर मिळतो, तेल जरा जास्त असतं, पण चव!) म्हटलं, "आबा, उद्या बॅग लॉजवर ठेवूया का? कुलूप आहे खोलीला."

"न्हाई."

"पोरगी वाट बघतीय आबा. तुम्हाला आत सोडलं नाही तर?"

"सोडतील की. सत्काराला आलेल्या माणसाला कोण अडवतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलसमोर ही गर्दी. नटूनथटून आलेले आईबाप, बुके, फोटोवाले. आत जायला दोन दारं, डावीकडं लेडीज, उजवीकडं जेंट्स. जेंट्सच्या दाराशी टेबल, त्यावर बॅगांचा ढीग. एक डॉक्टरसारखे दिसणारे गृहस्थ लॅपटॉपची बॅग देताना कुरकुरत होते. लेडीजच्या दाराशी टेबलच नव्हतं.

झालं! आबांना अडवलं. आबा बॅग देईनात. मी म्हटलं, आबा, द्या इकडं, मी माझ्या दारानं नेते. आबा बॅग छातीशी धरून उभे. आतून माइकवर "पालकांनी कृपया आसनस्थ व्हावे" सुरू झालं. दोन वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस एका चेनवाल्या बॅगेवर अडला होता.

मग आबांनी काय केलं, तर बॅग खांद्यावरून काढली आणि माझ्या खांद्यावर अडकवली. मी त्यांना बॅग स्वतःहून कुणाला देताना आजवर बघितलं नव्हतं. "नीट धर," म्हणाले. "आन तुझी दे हिकडं. दोन दोन कशी नेशील, गर्दीत वढून घेतील." मला काही सुचायच्या आत मी पर्स त्यांच्या हातात दिली, बायकांच्या रांगेत घुसले आणि त्या लोंढ्याबरोबर आत ढकलली गेले. माझ्या खांद्यावरच्या खाकी जेंट्स बॅगेकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

पुढच्या ओळीत आबांसाठी खुर्ची धरली, तिच्यावर बॅग ठेवली आणि उजव्या दाराकडं बघत बसले. आबा येईनात. फोन करावा तर फोन पर्समध्ये, पर्स आबांकडं. उठून जावं तर मधे माणसांची भिंत. एवढ्यात पुकारलं, वैष्णवी प्रकाश, पालकांनीही मंचावर यावं. बॅग खुर्चीवर कशी सोडू? खांद्याला लावली आणि तशीच वर गेले. काठाची पैठणी आणि त्यावर ती खाकी बॅग! निवेदक बाई एक क्षण थबकल्याच.

वैष्णवीनं बॅग बघितली आणि कानात विचारलं, "आबा कुठंयत?"

"येतायत मागून."

ती पूर्ण वेळ दाराकडं बघत होती. फोटोतही तिची नजर तिकडंच आहे.

आम्ही दोघी धावत बाहेर आलो. आबा पायरीवर बसले होते. मरून पर्स मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर, सोनेरी साखळी मनगटाला गुंडाळलेली. येणारी-जाणारी पोरं बघून हसत होती. वॉचमनच माझ्यावर वैतागला. "मॅडम, पर्स घेऊन जेंट्सला सोडता येत न्हाई. मी आजोबांना लई समजावलं, लेडीज पर्स काउंटरला ठेवा आन जा आत. ऐकतच न्हाईत. सुनंची अमानत हाय म्हणत्यात."

"फोन लई वाजला त्यात," आबा म्हणाले. "पर म्या चेन उघडली न्हाई. सुनंच्या पर्समधी हात कसा घालावा?"

फोन प्रकाशरावांचे होते. व्हिडिओ कॉल करायचा होता म्हणे त्यांना.

वैष्णवी आधी आबांकडं बघून फस्सकन हसली, मग त्यांच्याच शेजारी पायरीवर बसून हमसून हमसून रडली. ट्रॉफी त्यांच्या मांडीवर, पर्सच्या वर ठेवली. मला वॉचमनवर ओरडावंसं वाटत होतं, पण त्यानं नियम मोडला कुठं? त्यानं तर आबांना आत जायची वाट सांगितली होती. आबांवर चिडू? त्यांनी माझीच वस्तू सांभाळली होती. मी तोंड उघडलं आणि "चहा घेऊया का?" असं विचारलं.

दुपारी औसा मार्गे आबांच्या गावाकडं गेलो. एसटी आहे, पण वेळा विचारून घ्या, आम्ही शेवटी वडापच्या जीपनं गेलो, कोंबून. नवं गाव पुनर्वसनातलं, सरळ गल्ल्या, एकसारखी बुटकी घरं. चुलतसासूबाईंच्या दाराशी खिळ्याला एक पिशवी टांगलेली होती. आत बॅटरी, पाणी. शेजारच्या घरातही तशीच. बाईची, बाप्याची असा काही प्रकार नाही. "तुझी कुठं टांगतीस?" चुलतसासूबाईंनी मला विचारलं. मी पर्स पुढं केली तर त्यांनी ती हातात घेऊन जोखली आणि "कशानं जड हाय ही?" असं विचारलं.

परतीच्या गाडीत आबा झोपले. वैष्णवी खिडकीशी, ट्रॉफी पायाशी. मी बाहेरचं सोयाबीन बघत होते आणि एकच गोष्ट समजत नव्हती. जी बॅग आजवर स्वतःच्या सख्ख्या भावालाही धरू दिली नाही, जिच्यासाठी दुकानाबाहेर बसले, ती आबांनी शेवटी माझ्या खांद्यावर कशी दिली? आणि दिलीच होती, तर माझी पर्स टेबलावर टाकून आत यायला काय झालं होतं?

घरी पोचलो. प्रकाशरावांनी सगळं ऐकलं आणि माझ्यासारखेच चक्रावले. "आबा, तासाभराचा प्रश्न होता. आधीच बॅग ठेवायची टेबलावर. नातीचा सत्कार बघायला मिळाला असता. वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की," आबा म्हणाले. "लई वाटलं. नाव भाईर ऐकू आलं. टाळ्या ऐकू आल्या. पोरगी तेवढी दिसली न्हाई."

"मग?"

आबांनी बॅग मांडीवर घेतली. बोलतील असं वाटलं नव्हतं, पण बोलले.

"केवढा मोठा स्लॅब हाय त्या हॉलाचा, तू बघितला न्हाईस. त्याच्याखाली आपली पोरगी, आन बॅटरी भाईर टेबलावर? ते मला न्हाई झेपलं. म्या आत न्हाई गेलो तर चालतंय. बॅटरी आत जायाला पायजे होती."

प्रकाशराव पाणी आणायला म्हणून आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.