कूलरचे दहा पौंड

टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, माझ्या दोन्ही बॅगा डिकीत गेल्या होत्या, आणि फाटकापर्यंत आलेली आई अचानक वळून घरात गेली. मला वाटलं, देवासमोर दिवा राहिला असेल. किंवा डोळे पुसायला गेली असेल, माझ्यासमोर नको म्हणून. कसलं काय! ती माझ्या खोलीतला पंखा बंद करायला गेली होती. कुलूप लावता लावता म्हणाली, "तू तर चालली. आता तो कोणासाठी फिरून राहिला? उगाच मीटर पळते." विमानतळापर्यंत ती माझा हात धरून बसली होती आणि मी मनातून धुमसत होते. एकुलती एक मुलगी देश सोडून चाललीय आणि हिला मीटरचं पडलंय.

हे मी मागे राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठी जरा जास्तच. मागे राहिलेल्यांनो, तुम्ही मला खुशाल शिव्या घाला, माझी तक्रार नाही. पण इकडे आलेल्यांनी मला शहाणपणा शिकवायला येऊ नये. आधी आपापले फोन काढा आणि आठवा, आईला शेवटचा फोन केलात तेव्हा पहिला प्रश्न काय विचारलात.

"मीटर पळते" हे आमच्या घरातलं वाक्य मी जेवणातल्या वरणाइतक्या वेळा ऐकलंय. नागपूरच्या एका लेआउटमधलं आमचं तीन खोल्यांचं घर, आणि हॉलच्या खिडकीला लावलेला एकच लोखंडी कूलर. चैत्र लागला की बाबा वाळ्याच्या नव्या ताट्या आणायचे. मग मागच्या अंगणातल्या नळावरून बादल्या भरभरून कूलरची टाकी भरायची. आठ बादल्या लागायच्या, पाइप लावावा तर उन्हाळ्यात नळाला धार कुठली? ताट्या भिजल्या की घरभर वाळ्याचा वास सुटायचा आणि आम्ही तिघं हॉलमध्ये ओळीने आडवे व्हायचो. पाणी भरायचं काम बाबांचं होतं. बाबा गेल्यावर माझं झालं. मी इकडे आल्यावर ते कोणाचं झालं, हा प्रश्न मला सात वर्षांत एकदाही पडला नाही.

साउथहॅम्प्टनमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. आता नीट ऐका, कारण इथेच माझी लाज आहे. माझा वॉर्ड म्हाताऱ्या माणसांच्या मोडलेल्या खुब्यांचा. ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी त्यांना उभं करायचं, फ्रेम धरून चार पावलं चालवायचं, आणि घरी सोडण्याआधी एक फॉर्म भरायचा. मागच्या वर्षभरात किती वेळा पडलात? घरात ओली जागा आहे का? जड काही उचलता का? जवळ कोण राहतं? हा फॉर्म मला तोंडपाठ आहे. आईला त्यातला एकही प्रश्न मी कधी विचारला नव्हता.

एकदा एका आजींची मुलगी ऑस्ट्रेलियाहून फोनवर ढसाढसा रडली. मी तिला अगदी गोड आवाजात धीर दिला, इट्स नॉट युअर फॉल्ट वगैरे. फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "आता रडतेय. इतके दिवस कुठे होती बया?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

कॅशबॅकचं खूळ केतकीने डोक्यात घातलं. केतकी पुण्याची, आयटीतली, माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. एका रविवारी कॉफी घेताना मी आईला पैसे पाठवत होते, तर तिने माझा फोनच ओढून घेतला. "अगं, वेडी आहेस का तू? तू पैसे पाठवणार, मग काकू बिलं भरणार. यात तुला काय मिळतं?" तिच्याकडे एका ॲपचं अकाउंट होतं. एकाच ठिकाणी पौंड, युरो, रुपये, सगळ्यांचे वेगळे कप्पे, आणि भारतातलं कुठलंही बिल इथून थेट भरता येतं. प्रत्येक बिलावर एक टक्का कॅशबॅक. "फुकटचे पैसे आहेत गं, सोडतं कोण?" मीही सोडले नाहीत. आईचं लाइट बिल, गॅस, वायफाय, मोबाइल, सगळं तासाभरात माझ्या नावावर ओढून घेतलं.

तोवर दर महिन्याला बिल हातात घेऊन आई स्वतः भरायला जायची. आता ती मला विचारायला लागली, "यावेळी किती आलं गं आपलं?" स्वतःच्या घराचं बिल तिला साउथहॅम्प्टनहून कळायला लागलं. कॅशबॅक म्हणजे काय ते मी तिला समजावलं, तेव्हा ती कितीतरी वेळ हसत होती. "म्हणजे आपण खर्च केला म्हणून ते पैसे देतात? डोकं फिरलं का त्यांचं?" मग म्हणाली, "मला काही समजून नाही राहिलं. पण तुला मिळून राहिले ना, मग झालं."

खरं सांगू? मिळत काय होतं, तर महिन्याला तीस-चाळीस पेन्स. इथे तेवढ्यात धड बिस्किटाचा पुडाही येत नाही. पण ॲपमध्ये तो हिरवा आकडा वाढताना पाहिला की मला बरं वाटायचं. बिल भरणं म्हणजेच आईकडे बघणं, असं मी धरून चालले होते. चारही बिलांपुढे हिरवी टिकमार्क आली की माझ्या लेखी आई ठीक होती.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ॲपवर ऑफर आली. तीन महिन्यांत भारतातली बिलं मिळून शंभर पौंडांच्या वर गेली तर दहा पौंड बोनस. केतकीला मी मेसेज केला, "नागपूरचा उन्हाळा आणि आईचा कूलर, माझे दहा पौंड पक्के." तिने हसणाऱ्या तोंडांची रांगच पाठवली.

आणि मेचं लाइट बिल आलं नऊशे चाळीस रुपये.

नागपूरच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागू नये. मेमध्ये नागपुरात कोणाचंही बिल कमी येत नाही. घराला कुलूप असेल किंवा घरातल्या माणसाचं काही बिनसलं असेल, तरच येतं. आदल्या मेचं बिल बत्तीसशेचं होतं. मी त्या उन्हात वाढलेली, नवतप्याच्या नऊ दिवसांत रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं हे माहीत असलेली मुलगी. मी तो आकडा पाहिला, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला की आता शंभर पौंड कसे होणार?

मी फोन लावला. कशी आहेस, हे विचारलं का, आठवत नाही. नसेलच विचारलं. "आई, कूलर का लावत नाहीस? किती ती कंजूषी! बिल मी भरतेय ना? अगं, माझी इथे ऑफर आहे, दहा पौंड जातील माझे."

तिने मनात हिशोब केला. मग म्हणाली, "दहा पौंड म्हणजे आपले हजाराच्या वर झाले ना?"

"हो, मग!"

"लावते बेटा. तुझं नुकसान नको व्हायला."

जन्मभर "मीटर पळते" म्हणणाऱ्या बाईला मी मीटर पळवायला सांगितलं, आणि तिने एका शब्दात ऐकलं. मला तेव्हाही शंका आली नाही. उलट विजयच वाटला. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी मीच विचारायची, "कूलर चालू आहे ना?" ती म्हणायची, "सकाळपासून चालू आहे. किती झाले तुझे?" आमच्या दोघींचा तो एक खेळच झाला होता. कित्येक वर्षांत आम्ही इतक्या वेळा बोललो नव्हतो. मला तर ते दिवस फार गोड वाटत होते, हे आज लिहिताना स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं.

मृग कोरडा चालला होता. मी वॉर्डमध्ये एका आजोबांना फ्रेम धरून उभं करत होते आणि खिशातला फोन थांबायचं नाव घेईना. वानखेडे काकूंचा होता, आमच्या शेजारच्या. आई मागच्या अंगणात बादलीसकट पडली होती. वानखेडे काकांनी उचलून दवाखान्यात नेलं होतं. खुबा मोडला होता. डावा.

तिसऱ्या दिवशी मी नागपुरात होते. दवाखान्याच्या बाकावर बसून काकूंनी सगळं सांगितलं. "अगं, एप्रिलमध्येही पडल्या होत्या त्या, तिथेच, नळाजवळ. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून बादली उचलवत नव्हती. म्हणून कूलर बंदच होता. नवतप्यात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पंख्याखाली बसून राहायच्या. मला म्हणाल्या, पोरीला सांगू नका, तिकडे घोर लागेल. आणि मग एकदम काय झालं देव जाणे, दोन्ही वेळा बादल्या वाहायला लागल्या. मी म्हटलं, ताई, कशाला करून राहिल्या हे? तर म्हणे, माझ्या शलाकाचं नुकसान होऊन राहिलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "कसलं नुकसान गं?"

मी म्हटलं, "काही नाही, काकू."

नऊशे चाळीस रुपये म्हणजे आई पडली होती, इतकाच त्या बिलाचा अर्थ होता. तो वाचायचं शिक्षण मी घेतलं होतं, त्याचाच पगार घेत होते, आणि घरच्या बिलावर मला फक्त कमी पडलेली बेरीज दिसली होती.

आता यापुढचं ऐकून केतकीही माझ्याशी चार दिवस बोलली नाही. आईचं ऑपरेशन झालं, ती गुंगीत होती, आणि माझ्या फोनवर जूनचं बिल आलं. चौतीसशे साठ. ऑफर संपायला दोन दिवस होते. मी आईच्या खाटेजवळ स्टुलावर बसले होते, एक हात तिच्या हातात होता. दुसऱ्या हाताने मी ते बिल भरलं. का भरलं? कोणी धरून ठेवलं होतं का मला? सवय म्हणा, निर्लज्जपणा म्हणा. एवढं होऊन ते दहा पौंडही गेले तर काय उरलं, असाही विचार आला होता, खोटं कशाला बोलू? ते जमा झाले. स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले.

ऑपरेशन चांगलं झालं, पण आई चालली नाही. अशा माणसांना मी इथे रोज चालवते. तिला चालवायला माझ्याकडे तीन आठवड्यांची रजा होती. मी पलंगाच्या कडेला तिला बसवायची, वॉकर पुढे करायची आणि तेच ठरलेलं बोलायची, "शाब्बास, आता वजन पायावर टाका." एकदा ती म्हणाली, "तू मला अहो-जाहो का करून राहिली?" माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रजा संपली, तेव्हा ती पलंग ते खुर्ची एवढंच करू शकत होती. इकडे आणायचं तर म्हाताऱ्या आईवडिलांचा व्हिसा म्हणजे काय दिव्य आहे, ते इथल्यांना माहीत आहे. आणि परत जायचं माझ्या मनात आलं का? आलं. दोन दिवस टिकलं.

मी तिला वर्धा रोडवरच्या एका ठिकाणी ठेवलं. मी त्याला केअर सेंटर म्हणते. वानखेडे काकू सरळ वृद्धाश्रम म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. घरातून निघताना तिला व्हीलचेअरवर बसवून फाटकापर्यंत आणलं, तेव्हा तिने मागे वळून विचारलं, "सगळे पंखे बंद केले?" मी म्हटलं, "मेन स्विचच बंद केला, आई." तिने मान डोलावली.

अशा आठवणींच्या शेवटी घर म्हणजे काय ते सांगायचं असतं. ते शहाणपण सांगायला गोष्टीतल्यासारखी कोणी आजी माझ्या मदतीला येणार नाही, तेव्हा मीच सांगते. नागपूरच्या घराचं बिल अजून येतं. युनिट शून्य, नुसता स्थिर आकार. मी ते भरते, त्यावर एक-दोन पेन्स मिळतात. इथल्या माझ्या फ्लॅटमध्ये हिवाळ्यात हिटिंग लावलं की आधी स्मार्ट मीटरकडे नजर जाते, आणि माझ्याच तोंडून आईचं वाक्य निघतं. ऐकायला कोणी नसतं. जिथे माझ्यामागे कोणी दिवा बंद करत फिरायचं ते माझं घर होतं, आणि ते मी बंद करून आले.

केअर सेंटरची फीही त्याच ॲपमधून जाते. गेल्या रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "इथलं बिल तर फार मोठं आहे म्हणतात. याच्यावर मिळते का गं तुला, ते कॅशबॅक?"

नाही म्हणायला हवं होतं. पण तिच्याशी खोटं बोलायचं बळ आता माझ्यात राहिलेलं नाही. "मिळतं, आई."

"किती?"

"साडेतीन पौंड. महिन्याला."

तिचा चेहरा फुलला. किती दिवसांनी फुलला! तिने फोन बाजूला केला आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईंना हाक मारली. मला फक्त छतावरचा पंखा दिसत होता आणि आईचा आवाज ऐकू येत होता.

"अहो ताई, ऐकलं का? मी इथे नुसती पडून राहिली, तरी माझ्या पोरीला पैसे मिळून राहिले."