मी मान हलवली आणि हप्ता कमी झाला

आमच्या घराची खबर आमच्याआधी गल्लीला असते, कारण ती भिंतीवरच लिहिलेली आहे. कर्ज देणाऱ्या कंपनीनं दाराशेजारी काळ्या रंगात हातभर अक्षरं काढली: ‘हे घर तारण आहे.’ माझी शाळा चौथीपर्यंतच, पण एवढं मला कोपऱ्यावरूनही वाचता येतं!

पोरीला बघायला पाहुणे येण्याआधी ते पुसलं जावं, म्हणून ब्लाउज शिवून साठवलेले पैसे मी ह्यांच्या चोरून कर्जात जादा भरू लागले. (आमचे हे भोकरदनला रिक्षा चालवतात. घरातलं गुपित आधी प्रवाशांना कळतं.) जालन्याच्या ऑफिसात साहेबांनी विचारलं, “मावशी, हप्ता कमी करू का मुदत?”

परक्या माणसापुढं माझा आवाजच फुटत नाही. ‘हप्ता कमी’ कानाला गोड लागलं. मी मान हलवली. पुढची दोन वर्षं, दर खेपेला, हलवतच राहिले!

इकडे ह्यांच्या मोबाइलवर मेसेज. हप्ता उतरला!

“पाह्यलं का? एक हप्ता चुकवला न्हाई म्हणून कंपनी खूश हाय माझ्यावर!”

“हाय की,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ही कीर्ती ऐकून शेजारच्या कांताबाई आल्या. “भाऊजी, आमच्या मालकालाबी सांगा ना, कंपनीला खूश कसं करायचं!” ह्यांनी तासभर सांगितलं. मी तीनदा चहा ठेवला.

शेवटी कांताबाईंनी विचारलं, “मंग फिटणार कधी?”

“आणखी बारा वर्षं. पहिल्या दिवशी ठरली तीच शेवटची तारीख, बिलकुल बदल न्हाई!”

चौथा चहा मी कपाऐवजी चटईवर ओतला. बारा वर्षं! तोवर पोरगी म्हातारी व्हायची!

दुसऱ्याच दिवशी जालन्याची एसटी धरली. वाटभर पाठ करत होते, “साहेब, हप्ता राहू द्या, मुदत कमी करा.” शेजारच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, “कोणाला झापायला चाललीस गं बाई?”

ऑफिसात शिरले आणि डोळे मिटून बोलून टाकलं. इतक्या जोरात, की दारावरचा वॉचमन आत धावला!

साहेब दचकले. “करतो मावशी, करतो! बराबर मुदतच कमी करतो. आणा ह्या खेपेचे जादा पैसे.”

मी पिशवीत हात घातला. भाकरीचा डबा. पाण्याची बाटली. रुमाल.

हिंमत तेवढी बरोबर आणली होती. पैसे घरीच राहिले!