बॅटरीचं स्थळ बघायला मुलुंडला

या, अशा जवळ सरकून बसा. आणि आधी माझी बोलणी खा. दुबईला जाऊन आलात, तिथल्या इमारतींचे ढीगभर फोटो फोनवर पाठवलेत. पण अंधेरीहून मुलुंडला कधी गेलात का? नाही ना? मग प्रवासाच्या गोष्टी मला सांगू नका. मी जाऊन आलेय, माझं ऐका.

झालं असं, की आमच्या बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत विजेची मोठी बॅटरी बसवायची ठरलीय. फोनची नव्हे हो, अख्ख्या वस्तीला पुरेल अशी. लगेच आमच्याकडे विरोधाचं पत्र तयार! पहिली सही नलिनीची. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, खिडकी नेमकी त्या जागेवर. तिचे यजमान, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनवर असतात आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. शेवटची सही राहिली माझी, महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून.

मी म्हटलं, "नलू, न बघता नकार कसा द्यायचा गं? मुलगी देताना आपण घर बघतो, शेजारीपाजारी चौकशी करतो. मुलुंडला असली एक बॅटरी चालू आहे म्हणतात. चल, स्थळ बघून येऊ."

"माका आधी हसान घेवंदे," नलू म्हणाली. (मालवणची ती, 'मला हसून घेऊ दे'.) पण दुसऱ्या दिवशी भाऊंपाशी मुलीला बसवून, गजरा माळून तयार!

दुपारी मेट्रोने घाटकोपरला निघालो. साकीनाक्याला गाडी उंचावरून जाते, तेव्हा खाली कारखान्यांचे पत्रेच पत्रे दिसतात. त्यातल्या काहींवर निळ्याशार सोलर पाट्या. नलू काचेला नाक लावून मोजत होती. अकराव्या पाटीला गाडी वळली आणि आकडा चुकला, म्हणून माझ्यावरच चिडली.

घाटकोपरला रिक्षा केली. आमचे काठपदर बघून रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, लग्नाला का?"

"स्थळ बघायला," मी म्हटलं.

"मुलगा काय करतो?"

"वीज साठवतो."

"सरकारी आहे का?"

नलू इतकी हसली की विक्रोळीची खाडी आणि तिवरं मागे गेली तरी तिचं थांबेना. डोळे पुसता पुसता गजरा निम्मा सुटला.

आता पहिलं दर्शन. माझ्या डोक्यात काळीकुट्ट यंत्रं, धूर, ठिणग्या. प्रत्यक्षात पांढऱ्या स्वच्छ पेट्या! बंदरावर मालाचे कंटेनर असतात ना, तशा, ओळीने उभ्या, मध्ये मोकळी जागा सोडलेली. केतकी नावाची इंजिनिअर मुलगी आम्हाला न्यायला आली. म्हणाली, "काकू, चपला चालणार नाहीत. आणि डोक्यावर हेल्मेट हवं." मग काय, काठपदराखाली पुरुषांचे भलेमोठे बूट आणि अंबाड्यावर टोपलीसारखं डुगडुगणारं पिवळं हेल्मेट. गजरा पर्समध्ये गेला. नलू एकेक पाऊल उचलून टाकत होती, जशी चिखलातली म्हैस. मी तसं म्हटलंसुद्धा. तिने बुटासकट लाथ उगारली.

मग चौकशी सुरू. मी विचारलं, "करते काय ही दिवसभर?"

"दुपारी उन्हाची वीज भरपूर येते, तेव्हा भरून घेते," केतकी म्हणाली. "संध्याकाळी सूर्य मावळतो आणि तुम्ही सगळे एसी लावता, तेव्हा देते."

"म्हणजे दुपारची भाजी रात्री वाढायची. आणि घेते तेवढं सगळं परत देते?"

"थोडं खर्ची पडतं, काकू."

"थोडं तर सुगरणही चाखून बघते. स्वभाव कसा? तापट?"

"तापते. म्हणून आत गारवा ठेवावा लागतो."

इतका वेळ हसणारी नलू एकदम थांबली. म्हणाली, "माका एकच सांग बाय. आग लागली तर ह्यांका घेऊन मी जिन्यान कशी उतरू?"

केतकीने तिला पेट्यांमधली मोकळी जागा दाखवली. मग म्हणाली, "आग लागणारच नाही, असं मी म्हणणार नाही, मावशी. म्हणून तर पेट्या सुट्या ठेवतो. धूर, गॅस ओळखणारी यंत्रं आहेत, बंबाला रस्ता मोकळा आहे. पण तुमच्या यजमानांना खाली कसं आणायचं, हे तुम्ही बॅटरी नसली तरी ठरवायला हवं. आज काय करता?"

  बाहेर पडल्यावर नलू एवढंच बोलली, "चेडू (मुलगी) खरां बोलता."

पण शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय स्थळ पक्कं होत नाही. भिंतीपलीकडच्या चाळीत एका बाईंनी, ओळख ना पाळख, आम्हाला घरात घेतलं, चहा टाकला. म्हणाल्या, "सुरुवातीला पंखे घोंगावायचे हो! आम्ही भांडलो. मग त्यांनी ही भिंत उंच केली, पंख्यांची तोंडं पलीकडे वळवली. थांबा, आता दिवे लागायची वेळ झालीय. ती सुरू होईल."

आम्ही खिडकीशी उभ्या. काहीच ऐकू येईना, कारण बाईंचा मिक्सर सुरू होता. तो बंद केला, तेव्हा बारीक गुणगुण आली, शेजारच्या खोलीत फ्रिज असावा तशी. नलू डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिली. चहा निवला. मग म्हणाली, "ह्या आवाजात हे झोपतले."

घरी परतलो आणि रविवारच्या सभेत नलूने विरोधाच्या पत्रावरची आपली सही स्वतः खोडली. खाली लिहिलं: आधी भिंत, मग बॅटरी, आणि पंख्यांची तोंडं आमच्याकडे नकोत. मी तिच्याखाली सही ठोकली. बॅटरीच्या कंपनीने ते लेखी मान्य केलंय, भिंतीचा पाया परवाच खणला. सेक्रेटरी कुरकुरले, "एवढ्यासाठी मुलुंडला कशाला जायला हवं होतं?" जायला हवं होतं हो. नाहीतर तो जिन्याचा प्रश्न आम्हाला विचारला कोणी असता?

कारण त्यानंतर सोसायटीने जिन्यावरून माणूस उतरवायची, हातांनी धरायची खुर्ची आणली. सराव म्हणून चौघांनी भाऊंना खाली आणलं. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मांडीवर. दोन वर्षांनी माणूस गेटापाशी आला! रस्ता बघितला, पलीकडच्या टपरीचा चहा मागितला आणि वर जायला साफ नकार. आता दर रविवारी सकाळी सराव असतो. आगीचं नाव, भाऊंची चैन.

तेव्हा पुन्हा या लवकर, रविवारीच या. मात्र रिकाम्या हातांनी या, कारण खुर्चीचा एक कोपरा तुम्हाला धरावा लागेल. भाऊ काही हलके नाहीत.