तळ्याकडच्या भिंतीवरचा हात

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पंधरा वर्षं नांदेडात बांधकामाची कामं घेतोय. भिंतीला भेग दिसली की कारण शोधायचं, एवढंच मला कळतं... तेव्हा हसायचं तर खुशाल हसा.

मुखेड तालुक्यातल्या एका गावात तळ्याच्या काठावर छोटंसं चर्च आहे. निजामाच्या काळात कुणा गोऱ्या पाद्र्याने गावच्या वडारांकडून बांधून घेतलेलं. काळा दगड, अडीच फुटी भिंती, टोकदार कमानी. आतून चुन्याचा गिलावा — बैल जुंपलेल्या चुन्याच्या घाणीत मळलेला, गूळ आणि बेलफळाचं पाणी घातलेला. असा चुना आता कुणाला जमत नाही, मलाही नाही. ओलीने फुगलेला तो गिलावा काढून सिमेंटचा करायचं काम मी घेतलं होतं. तळ्याकडच्या भिंतीवर लहान हातांचे ठसे होते. मूल पाच वर्षांचं झालं की तिथे ओला चुना लावून त्याचा पंजा उमटवायचा, ही तिथल्या घरांची रीत.

बाकीचे ठसे ओलीने कधीच गळून पडले होते. एकच शाबूत होता, करंगळी वाकडी असलेला. तो रुथचा. ठसा उमटवला त्याच वर्षी ती तळ्यात बुडाली. चर्चच्या मागेच पुरलीय. तिचे वडील याकोबमामा चर्चची झाडलोट करतात. रोज सकाळी त्या ठशावर हात ठेवायचे, मगच झाडू हातात घ्यायचे.

"साहेब, तेवढी जागा सोडा," मामा म्हणाले. "तिचा फोटू बी न्हाई माझ्यापाशी."

तिथला चुना ठणठणीत होता. पण नव्या सिमेंटमध्ये ते ठिगळ दिसलं असतं, आणि मला माझं काम देखणं हवं होतं. भिंत पोकळ झालीय असं धडधडीत खोटं सांगून मी तो ठसा पाडला. मामा उभे राहून बघत होते. नंतर त्यांनी सगळा चुरा उपरण्यात भरून घेतला.

सिमेंट लावल्यावर चौथ्या दिवशी सकाळी गिलाव्यावर पाणी मारायला मी कुलूप उघडलं — एकुलती एक किल्ली माझ्याच खिशात होती — तर त्याच जागी हाताचा ठसा! वाळून दगड झालेल्या सिमेंटमध्ये, पाव इंच खोल. करंगळी वाकडी. पण पंजा मोठ्या बाईचा. रुथ जगली असती तर आज तिशीची असती...

मी धावत जाऊन मामांना आणलं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटत होतं. त्यांनी ठशावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"ही न्हाई," ते म्हणाले. "कोन बाई हाय, कोन जाणे. माझी पोरगी एवढीशी हाय."

करंगळी बघा, एवढं मी म्हणायला हवं होतं. पण ज्या माणसाला फसवलं, त्याच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मामा झाडू घेऊन बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी भिंत गुळगुळीत होती. ना ठसा, ना डाग. मामा अजूनही झाडायला येतात, त्या भिंतीकडे पाठ करून.

तो हात सिमेंटमध्ये आला कसा, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तो का गेला, ते मात्र मला माहीत आहे... आणि मामांना मी ते अजून सांगितलेलं नाही.