एका कंसापुरतं लाल

तळासरीत भाड्याच्या खोलीत मी प्रोग्रॅमिंगचा वर्ग घेते. कॉम्प्युटर जुने, म्हणून त्यांना झेपेल असा कोड लिहायचा एडिटर मी स्वतःच बनवला होता. बनवला कसला, नुसती ठिगळं जोडली होती! शब्द रंगवायला एक, कंसांच्या जोड्या शोधायला दुसरं, फंक्शनची, म्हणजे कोडच्या एकेका तुकड्याची, घडी घालून लपवायला तिसरं. एक अक्षर टाइप केलं की तिन्ही वेगवेगळी सगळी फाइल पहिल्या ओळीपासून वाचत बसायची. अक्षर पडद्यावर यायचं ते चहा पिऊन आल्यासारखं. आणि एखादा कंस बंद करायचा राहिला, की तिथून खाली सगळा पडदा लालभडक.

वर्गात जवळच्या झरी गावची एक ताई होती. सकाळी शेतातलं काम, दुपारी वर्ग. डोकं असं चालायचं की मला हेवा वाटावा. पण तिची रीत वेगळी. आधी सगळ्याचा सांगाडा उभा करायचा, मग एकेक जागा भरत जायची. माझ्या एडिटरला अर्धवट काही खपायचंच नाही. त्यामुळे रोज लाल. एका शनिवारी ती खुर्ची सरकवून उठली.

"मॅडम, मी हात लावला की सगळंच बिघडतं. माझ्याच्याने नाही व्हायचं हे. सोमवारपासून मी येत नाही."

"अगं, दोष माझ्या एडिटरचा आहे!" मी ओरडलेच. तिला वाटलं, मी आपली समजूत घालतेय. गेली निघून. असला राग आला मला, स्वतःच्याच कारागिरीचा!

रविवारी डहाणूला घरी बसून वाचता वाचता मला ते सापडलं. कोड नुसत्या ओळी म्हणून ठेवायचाच नाही, त्याचं झाड करून ठेवायचं. फंक्शन म्हणजे फांदी, त्यातली वाक्यं म्हणजे डहाळ्या. कुणी काही टाइप केलं, तर नेमकं कुठे बदललं ते झाडाला सांगायचं. तेवढीच डहाळी नवी होते, बाकीचं झाड जसंच्या तसं वापरायचं. कंस सुटला तर चूक त्या डहाळीपुरती नोंदवून पुढे जायचं. अरे देवा, इतकं सोपं! जेवण तसंच राहिलं. दुपारपर्यंत मी माझी ठिगळं भराभर पुसून टाकली. रंग हवेत? झाडाला विचारा. घडी घालायचीय? फांदी मिटवा. कंसाची जोडी? तीही झाडातच. घरच्या जुन्या मशीनवर अक्षर बोटाखालून उमटायला लागलं आणि मी घरात एकटीच टाळ्या पिटल्या.

सोमवारी ती खरंच आली नाही. वर्ग सुटल्यावर लॅपटॉप घेऊन मी तडक झरी गाठली. ती अंगणात होती. बकरीने कुडाच्या भिंतीचं लिंपण एका कोपऱ्यात पाडलं होतं, तिथे माती-शेण थापत होती.

"बघ, तू काय करतेयस!" मी धापा टाकत म्हटलं. "बकरीने कोपरा पाडला म्हणून अख्खा कूड उपटलास का?"

"येडी आहे का मी?"

"माझा एडिटर होता तसा येडा! आता नाही. हात धू आणि बस."

ती हसली नाही. हात धुऊन ओट्यावर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला. नेहमीसारखा सांगाडा लिहिला, एक कंस उघडा टाकून खालच्या ओळीवर गेली आणि थांबली. खांदे आखडले तिचे, आता सगळं लाल होणार म्हणून. त्या कंसाखाली एक बारीकशी लाल रेघ आली. खालचं सगळं निळं, हिरवं, जागच्या जागी होतं.

तिने त्या रेघेवर बोट ठेवलं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "मग रोजसुद्धा माझं एवढंच चुकत होतं?"

"एवढंच गं."

तिने कंस बंद केला. रेघ गेली. डोळे पुसत तिने लॅपटॉप माझ्या हातात न देता स्वतःकडे ओढला.