जाड तंगूस

नांदेडात गळ आणि त्याचा नायलॉनचा दोरा, तंगूस, घ्यायचा तर लोक पाशामियाँच्या दुकानात येतात. म्हणून रत्नागिरीच्या नव्या जावयानं, जीशाननं, समुद्रात मासे धरायला होडी भाड्यानं घेतली, तेव्हा पाशामियाँनी आपलं सामान घरूनच नेलं. गोदावरीतल्या मोठ्या माशांसाठी ते विकतात तो जाड तंगूस.

किनाऱ्यालगतच्या खडकांपाशी होडी थांबली. होडीवाला म्हणाला, "काका, इथं पाणी नितळ आहे. जाड तंगूस माशाला दिसतो. बारीक देऊ?"

"समुद्राचा मासा हाय. शिलाईच्या दोऱ्यानं येतो व्हय?" पाशामियाँ हसले.

जीशानच्या बारीक तंगुसाला मासे लागत राहिले. पाशामियाँच्या गळाला काहीच नाही.

"तुमचे मासे अजून नांदेडहून निघाले नसतील," त्यांची बायको चांदबी म्हणाली. मुलगी बुशरा तोंड फिरवून हसली.

पाशामियाँ गळाची काठी जावयाकडे देऊन तोंड धुवायला वळले. परत हातात घेतली तर जड लागली. ते तंगूस गुंडाळत गेले, पण एक झटका नाही, ओढ नाही. मासा वर आला तो कधीच मरून ताठ झालेला.

"आला की! अब्बा, वर धरा, फोटो काढते," बुशरा ओरडली. जीशान उगाच किनाऱ्याकडे बघत होता.

पाशामियाँनी मासा वर धरला. कान तापले होते. फोटो झाल्यावर त्यांनी तो गुपचूप जीशानच्या माशांत ठेवला.

"बारीक तंगूस दे बाबा," ते होडीवाल्याला म्हणाले. त्याला ऐकू गेलं नाही. त्यांना पुन्हा म्हणावं लागलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.